खराब्यातील वनश्री : श्रीगोंदे तालुक्याच्या वनस्पति-नकाशांची प्रस्तावना

उष्ण कटिबंधातील सपुष्प वनस्पती असे शब्द कानी पडले म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे बहुधा एक ठरावीक देखावा उभा राहतो : सूर्यकिरणांना जमिनीपर्यंत पोहोचू न देणारे सदाहरित अरण्य, एकमेकींना लपेटून वर गेलेल्या महावेली, शेवाळाने मढलेले बुंधे आणि त्यांच्या बेचक्यांतून डोकावणारी आमरींची फुले. हा देखावा खरा असला तरी अपुरा आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधोमध जी भूमी पसरलेली आहे तिचा फार मोठा हिस्सा काटेरी झुडपांचा, खुरट्या वृक्षांचा, गवताळ माळांचा आणि वर्षातील आठ महिने आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या रानांचा आहे; आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण टोकाशी, घोड आणि भीमा या नद्यांच्या कुशीत वसलेला, साडेअठरा अंश उत्तर अक्षांशाच्या जवळपासचा, म्हणजे कर्कवृत्ताच्या चांगला पाच अंश दक्षिणेस असलेला श्रीगोंदे तालुका हा या दुसऱ्या, उपेक्षित उष्ण कटिबंधाचा अस्सल नमुना होय. त्या तालुक्यातील कोणती वनस्पती कोणत्या गावाच्या शिवारात, कोणत्या जातीच्या जमिनीवर आणि कोणत्या महिन्यात फुलते याची नोंद नकाशांच्या रूपाने वाचकांपुढे ठेवण्याचा प्रयत्न पुढील पानांत केलेला आहे. असा प्रयत्न करावा असे का वाटले, त्याची पूर्वपीठिका कोणती, आणि हे नकाशे कोणत्या रीतीने वाचावेत, हे सांगण्यासाठी ही काहीशी विस्तृत प्रस्तावना.

वनस्पतींचे वर्णन करणे आणि वनस्पतींचा भूगोल लिहिणे ही दोन कामे एकमेकांना लागून असली तरी एक नव्हेत. वर्णनकाराचे समाधान पान, फूल, फळ आणि बीज यांच्या लक्षणांनी होते. भूगोलकाराला त्यापुढे जाऊन असे विचारावे लागते की, ही वनस्पती येथे आहे तर पलीकडच्या टेकडीवर का नाही, आणि येथून शेकडो कोस दूर असलेल्या मुलखात ती पुन्हा कशी उगवली? या प्रश्नाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली ती अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट याने. दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वताच्या उतारावर उंचीगणिक वनस्पती कशा पालटत जातात याचे जे भव्य चित्र त्याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधाबरोबर दिले, ते या विद्येचे पहिले मानचित्र म्हणावयास हरकत नाही. पुढे १८२३ साली डेन्मार्कच्या स्कौ याने वनस्पतींच्या प्रसाराचे नकाशेच प्रसिद्ध केले. तथापि देशातील झाडून साऱ्या वनस्पतींचा, प्रत्येक जातीला एक नकाशा या हिशेबाने, शिस्तबद्ध संग्रह सिद्ध होण्यास विसावे शतक अर्धे उलटावे लागले. इंग्लंडमध्ये पेरिंग आणि वॉल्टर्स यांनी १९६२ साली जो नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी आपल्या देशाचे दहा-दहा किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात ती वनस्पती आढळली की नाही हे एका ठिपक्याने दाखविले. १९३० नंतरची नोंद असेल तर भरीव ठिपका आणि त्याआधीची असेल तर पोकळ वर्तुळ, असा साधा परंतु मोठा अर्थगर्भ संकेत त्यांनी वापरला. हे काम मूठभर पगारी शास्त्रज्ञांनी केलेले नाही. गावोगावच्या हौशी अभ्यासकांनी आपापला चौकोन पायी पालथा घातला आणि नोंदी पाठविल्या, त्यातून ते उभे राहिले. ज्या मुलखात वनस्पतींच्या जाती थोड्या, त्या मुलखात ठिपके दाट पडले. आणि ज्या उष्ण कटिबंधात जगातील बहुसंख्य सपुष्प जाती नांदतात, तेथे मात्र कित्येक जातींच्या नावे संग्रहालयात दोनचार वाळलेले नमुने, एवढीच काय ती मिळकत आहे.

आपल्या मुंबई इलाख्यातही या विषयाचा पाया चांगल्या भरभक्कम हातांनी घातला गेला होता. जॉन ग्रॅहम याची मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी १८३९ सालची. दापोडीच्या सरकारी बागेची व्यवस्था पाहणारा आणि पुढे इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झालेला अलेक्झांडर गिब्सन, आणि त्याचा सहकारी डाल्झेल, या उभयतांचा ग्रंथ १८६१ सालचा. त्यानंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या वर्षांत इलाख्याच्या समग्र सपुष्प वनस्पतींचा जो ग्रंथ भागाभागांनी प्रसिद्ध केला, तो आजही अभ्यासकाच्या टेबलावरून हलत नाही. कुक यांच्या ग्रंथात प्रत्येक जातीच्या वर्णनाखाली ती कोठे सापडली आणि कोणी आणली हे दिलेले असते. आणि तेथे स्टॉक्स, लॉ, वुड्रो अशा साहेबी नावांच्या पंक्तीला कानिटकर आणि भिवा ही नावे वाचताना मराठी वाचकाला अंतःकरणापासून आनंद झाल्यावाचून राहत नाही. ज्या माणसाचे आडनावही ग्रंथकाराने दिले नाही, त्या भिवाच्या पायांनी तुडविलेली वाट शास्त्राच्या दप्तरात कायमची नोंदली गेली.

परंतु याच स्थलनिर्देशांची छाननी करू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. संग्राहक जेथे गेले तेथे वनस्पती सापडल्या, आणि ते गेले ते बहुतकरून कोकणात, महाबळेश्वरास, खंडाळ्याच्या घाटात, जुन्नर-शिवनेरीच्या डोंगरांत आणि पुण्याच्या भोवताली. त्यांना दोष देता येत नाही. पाऊस जेथे मुबलक तेथे जातींचे वैविध्य अधिक, नव्या जातीचा शोध लागण्याचा संभव अधिक, आणि मुक्कामाला बंगलाही बरा. घाटाच्या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांच्या वाट्याला मग ‘दख्खनमध्ये सर्वत्र’ अशा अर्थाचे एखादे वाक्य येई. सर्वत्र असलेली गोष्ट कोठेच नेमकी नोंदली जात नाही. आणि या एका उणिवेपायी दख्खनच्या पठारावरील अत्यंत परिचित झाडांचा इतिहास आपल्याला दुर्मिळ आमरींच्या इतिहासापेक्षाही कमी ठाऊक आहे.

आपला जिल्हाच पाहा. सतरा हजार अठ्ठेचाळीस चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्रात विस्ताराने पहिला असलेला हा जिल्हा. त्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, घाटघर-रतनवाडीचा धुवांधार पाऊस, कारवीची जंगले आणि हरिश्चंद्रगडाच्या कड्यांवरील कंदीलपुष्पे. आणि दक्षिणेच्या टोकाला श्रीगोंदे, जेथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, तोही आषाढ-श्रावणात हुलकावण्या देऊन भाद्रपदात, उत्तरा-हस्ताच्या सुमारास, एकदम पुरी कसर काढणारा. एकाच कलेक्टरच्या अंमलाखाली इतके दोन भिन्न वनस्पतिप्रदेश नांदतात, आणि अभ्यासकाचे पाऊल मात्र सदैव अकोल्याच्या दिशेने वळते. समग्र जिल्ह्याचा विचार करणारा प्रधान आणि सिंह यांचा ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला, ही समाधानाची गोष्ट होय. पण जिल्ह्याचा ग्रंथ झाला म्हणून गावाचा नकाशा झाला असे होत नाही. तो त्या त्या तालुक्यातल्या माणसांनीच करावयाचा असतो.

येथे एका मराठी शास्त्रज्ञाचे ऋण विस्ताराने सांगणे मला कर्तव्य वाटते. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव पुण्यातील संशोधनसंस्थेमुळे आज सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांनी ज्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या स्थापनेत १९४६ साली पुढाकार घेतला, तिच्याच संशोधनसंस्थेला १९९२ पासून त्यांचे नाव आहे. परंतु संस्थापक आघारकरांच्या कीर्तीखाली वनस्पतिभूगोलकार आघारकर झाकले गेले आहेत असे मला नेहमी वाटत आले आहे. १८८४ साली मालवणास, म्हणजे कोकणच्या सदाहरित किनाऱ्यावर जन्मलेल्या या माणसाने आपल्या प्रबंधासाठी विषय निवडला तो मात्र नेमका उलट टोकाचा : वायव्य भारतातील कोरड्या आणि खारवट भूमीवर वाढणाऱ्या वनस्पती, त्यांच्या बीजप्रसाराची साधने आणि त्यांचे मूळ स्थान. बर्लिनमध्ये, त्या काळी वनस्पतिभूगोलाचा अग्रणी मानल्या गेलेल्या एंग्लर यांच्या हाताखाली त्यांनी हे काम केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात शत्रुराष्ट्राचा प्रजाजन म्हणून त्यांना जर्मनीत स्थानबद्धही व्हावे लागले. १९२० साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेला तो प्रबंध मराठी वाचकांच्या दृष्टीस बहुधा कधी पडलेला नाही, आणि ही आपल्या भाषेची हानी आहे.

आघारकरांनी जो प्रश्न विचारला, तो श्रीगोंद्याच्या माळावर उभे राहून विचारला तरी तितकाच सार्थ ठरतो. ही काटेरी झाडे आली कोठून? तालुक्यातील कोणत्याही बरड माळावर जी नेपती दिसते, ती घ्या. पाने जवळजवळ नाहीतच. हिरव्या, हाडकुळ्या फांद्यांचे जंजाळ, जोडीजोडीने काटे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, आसपास दुसरे काही हिरवे नसताना, विटकरी लाल फुलांचा असा बहर की मधमाश्या दिवसभर हटत नाहीत. या नेपतीचा नकाशा काढू लागलो तर तो दख्खनमधून गुजरातेत, तेथून राजस्थान-सिंधच्या वाळवंटात, इराण-अरबस्तानात आणि शेवटी सहाराच्या दक्षिण काठाने आफ्रिकेत जातो. हिंगणाची गोष्ट तशीच. आपल्याकडील हिंगण आणि सुदानातील हिंगण ही इतकी निकटची भावंडे आहेत की त्यांना दोन जाती मानाव्या की एक याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद राहिले आहेत. बाभळीच्या शास्त्रीय नावातच नाईल नदी आहे. म्हणजे घाटावरील सदाहरित रानाचे नातेगोते जेथे श्रीलंका आणि मलाया यांच्याशी जुळते, तेथे घाटापासून एका दिवसाच्या वाटेवर असलेल्या श्रीगोंद्याच्या रानाचे नाते समुद्रापलीकडच्या आफ्रिकेशी जुळते. सह्याद्रीची पर्जन्यछाया ही केवळ पावसाच्या आकड्यांतली तफावत नसून दोन भिन्न वनस्पतिसृष्टींमधली ती सरहद्द आहे, हे अशा नकाशांवाचून कळत नाही.

बीजप्रसाराच्या साधनांविषयीही असेच. माळावरच्या कुसळीचे एक कुसळ तळहातावर घेऊन पाहावे. टोकाशी सुईसारखी अणकुची, तिच्यावर मागे वळलेले तांबूस राठ केस, आणि वर दोरीसारखा पिळलेला लांब शेपटा. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की पीळ उलगडू लागतो आणि कुसळ हातावर आपोआप गरगर फिरते. वाळले की पीळ पुन्हा बसतो. ओल्या-सुक्याच्या या आवर्तनाने बी आपल्याआप मातीत शिरते, आणि एकदा शिरले की ते उलटे केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. हेच कुसळ मेंढीच्या लोकरीत शिरले तर धनगराच्या कळपाबरोबर कोस न् कोस प्रवास करते. हिवराच्या आणि बाभळीच्या शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात, बिया पोटातून जशाच्या तशा पडतात आणि रुजण्यास उलट अधिक लायक होऊन पडतात. रुईची म्हातारी वाऱ्यावर जाते, नेपतीची लाल फळे पाखरे नेतात, सराटा बैलाच्या खुरात आणि माणसाच्या वहाणेत रुतून जातो. काष्टीच्या बैलबाजाराला दूरदूरच्या तालुक्यांतून जनावरे येतात आणि जातात. त्या बाजाराच्या पटांगणाच्या कडेने आणि दौंड-मनमाड लोहमार्गाच्या खडीतून जो अभ्यासक डोळसपणे चालेल त्याला वनस्पतींच्या प्रवासाचे प्रत्यक्ष प्रयोग पाहावयास मिळतील. कुसळी आज भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि हवाई बेटे एवढ्या विस्तीर्ण टापूत पसरलेली आहे. तिच्या शेपट्याचा पीळ पाहिला म्हणजे त्यात नवल वाटत नाही.

आता हे नकाशे कोणत्या आधारावर बसविले आहेत ते सांगतो. भूमापन खात्याचे ४७ जे या क्रमांकाखालील नकाशे हा भौगोलिक आधार खराच, परंतु या संग्रहाचा एकक म्हणून आम्ही चौकोन न घेता मौज्याचे शिवार घेतले आहे. आपल्या देशात जमीन मोजण्याची, तिची प्रतवारी लावण्याची आणि तिचा तपशील लिहून ठेवण्याची परंपरा इतकी जुनी आणि इतकी बारकाईची आहे की तिचा उपयोग न करणे हे करंटेपण झाले असते. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी भीमेच्या खोऱ्यातल्याच इंदापूर तालुक्यात जी पाहणीची पद्धत सुरू केली आणि जी पुढे साऱ्या इलाख्यात रूढ झाली, तिच्यात प्रत्येक नंबराच्या मातीची खोली, रंग आणि दोष पाहून आकार ठरविला जात असे. ते काम जमाबंदीसाठी झाले, वनस्पतींसाठी नव्हे. तरीही ज्याला काळीत कुंदा व हरळी, मुरमाड उतारावर हिवर व तरवड, ओढ्याकाठी करंज, आणि चोपणात खारवट भूमीला सोसणाऱ्या वनस्पती शोधावयाच्या आहेत, त्याला त्या जुन्या प्रतवारीइतका चांगला वाटाड्या दुसरा नाही.

त्यातही सर्वांत मोलाचा ठरला तो सात-बाऱ्यावरील पोटखराब्याचा रकाना. लागवडीस अयोग्य म्हणून ज्याच्यावर आकार बसला नाही असा खडक, ओघळ, ओढ्याची पात्रे, रस्ते, विहिरींचे ठाव. त्याच्या जोडीला गावची गायराने, देवस्थानची राखलेली राने, नद्यांच्या दरडी. महसुलाच्या हिशेबाने शून्य असलेली ही भूमी आहे, आणि तालुक्यातील देशी वनस्पती उरल्या आहेत त्या बहुतांशी याच भूमीवर. नांगराखालच्या रानात पीक आणि तण एवढेच राहते. गटाच्या उताऱ्यावर दोन-चार आर म्हणून दाखविलेल्या एखाद्या खडकाळ तुकड्यावर मात्र पावसाळ्याच्या अखेरीस विष्णुक्रांतीची निळी फुले, कुर्डूची गुलाबी कणसे, माकडशिंगीचे मांसल दांडे, मारवेल, पवन्या आणि कुसळी असा सगळा परिवार एकत्र नांदताना दिसतो. खराब्याची यादी हाती घेऊन गावे फिरावी, अशी या कामाची रीत पडली ती याच अनुभवावरून. आणि माझे स्पष्ट मत असे आहे की दख्खनच्या कोणत्याही तालुक्यात वनस्पतींची पाहणी करावयाची झाल्यास तिचा आरंभ तलाठ्याच्या दप्तरातून व्हावा.

गावांच्या नावांतूनही जुन्या वनश्रीचे दाखले मिळतात असे पुष्कळांना वाटते. हिंगणी, बाभुर्डी, निंबवी, पिंपळगाव पिसा, एरंडोली ही याच तालुक्यातील गावे आहेत, आणि नगर शहराला लागून नेप्ती आहे. हा पुरावा मोहक असला तरी दुय्यम समजावा. नाव कधी पडले, आणि ते झाडांच्या रानावरून पडले की एखाद्याच ठळक झाडावरून, हे सांगता येत नाही. म्हणून या नकाशांत एकही ठिपका केवळ नावाच्या आधारावर दिलेला नाही.

तालुक्याची भूमी मात्र आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत पालटत आहे, आणि हे काम तातडीने हाती घेण्याचे खरे कारण तेच. चिंचणीच्या धरणातून घोडचा कालवा आला, त्यानंतर कुकडीचा कालवा आला. ज्या शिवारात ज्वारी-बाजरीखेरीज काही होत नसे तेथे ऊस उभा राहिला, आणि श्रीगोंद्याची लिंबे दूरच्या बाजारपेठांत नावाजली गेली. ज्या मुलखाने दुष्काळ सोसला त्याने पाण्याचे स्वागत करावे हे योग्यच आहे, आणि वनस्पतींच्या प्रेमापोटी कोणी शेतकऱ्याने तहानलेले राहावे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण पाण्याबरोबर आणखी काय आले याचीही नोंद हवी. कालव्याच्या काठाने बेशरम वाढली, भीमेच्या संथ पात्रावर जलपर्णी पसरली, पडीक रानांत वेडी बाभूळ घुसली. आणि या तिन्ही मूळच्या अमेरिकेतल्या. गाजरगवताची पुण्याहून झालेली नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, म्हणून त्याच्या पुढच्या प्रसाराची तारीख तरी आपण मोजू शकतो. जी देशी वनस्पती याच काळात हटली तिच्या हटण्याची तारीख कोणाजवळही नाही. अतिपाण्याने जमिनी कशा खारावतात हे नीरेच्या कालव्यावर मान आणि ताम्हणे यांनी १९१० सालीच दाखवून दिले होते. खारवट भूमीवर प्रथम येणाऱ्या वनस्पतींचा नकाशा वेळीच हाती असेल तर चोपणाची वाढ शेतकऱ्याला पीक जळण्याआधी दिसू शकते. वनस्पतिभूगोल ही रिकामटेकड्या पंडितांची करमणूक नव्हे, हे सांगावयास एवढा एक दाखला पुरे.

दुसराही एक दाखला आहे, आणि तो अधिक कठोर आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधील गरिबांनी रानातील पाला, कंद आणि गवताचे बी खाऊन दिवस काढले. गोमंतकीय वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जुझे कामिलो लिस्बोआ यांनी १८८६ साली मुंबई गॅझेटियरच्या पंचविसाव्या खंडात इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींचे जे विवेचन केले, त्यात दुष्काळात खाण्यात येणाऱ्या वनस्पतींना मुद्दाम स्थान दिले आहे. घोळ, पाथरी, तांदुळजा, कुर्डू, टाकळा, वाघाटी : आज ज्या रानभाज्यांची प्रदर्शने भरतात त्या एके काळी जीव तगविण्याचे साधन होत्या, आणि त्या कोठे मिळतात हे पाठ असणाऱ्या म्हाताऱ्या बायका या गावाच्या खऱ्या वनस्पतिभूगोलकार होत्या. अशा कित्येकींनी सांगितलेली ठिकाणे आम्ही प्रत्यक्ष जाऊन पाहिली, आणि ती बहुधा बिनचूक निघाली. त्यांची नावे येथे देत नाही. पण या संग्रहाची निम्मी तरी मालकी त्यांची आहे.

नकाशे वाचण्याविषयी दोन शब्द. ज्या गावाच्या शिवारात वनस्पती आम्ही स्वतः पाहिली आणि तिचा वाळविलेला नमुना तारीख, स्थळ, जमिनीची जात आणि महिना यांच्यासह जतन केला, तेथे भरीव ठिपका आहे. जेथे केवळ जुन्या ग्रंथाचा किंवा भरवशाच्या माणसाच्या आठवणीचा आधार आहे, तेथे पोकळ वर्तुळ आहे. ज्या गावात योग्य ऋतूत जाऊन, शोध घेऊनही ती मिळाली नाही, ते शिवार फिकट रेघांनी भरले आहे. आणि ज्या गावात आम्ही जाऊच शकलो नाही, ते कोरे सोडले आहे. या शेवटच्या दोहोंतील भेद वाचकाने कृपा करून विसरू नये. वनस्पतींच्या नकाशांत सर्वाधिक फसवणूक होते ती येथेच : पाहणारा गेला नाही म्हणून कोरी राहिलेली जागा वनस्पती नाही म्हणून कोरी आहे असे वाचले जाते, त्यावरून तर्क बांधले जातात, आणि मग कोरड्या तालुक्यांत पाहण्यासारखे काही नाही हा जुना समज आणखी पक्का होतो. ऋतूचा निर्देशही याच कारणासाठी प्रत्येक नोंदीबरोबर दिला आहे. वैशाखात जो माळ निर्जीव दिसतो तोच हस्ताच्या पावसानंतर ओळखू येत नाही, आणि ज्या कंदवर्गीय वनस्पती पंधरा-वीस दिवस वर येऊन पुन्हा मातीआड होतात त्यांच्या बाबतीत एका पंधरवड्याच्या चुकीने सबंध गाव चुकते.

एके ठिकाणी मात्र आम्ही जाणूनबुजून अस्पष्टता राखली आहे. खरपुडीसारख्या ज्या वनस्पतींचे कंद खणून नेले जातात, त्यांचे गाव न देता फक्त तालुक्याचा दिशाभाग दिला आहे. शास्त्राच्या काटेकोर दृष्टीने ही उणीव आहे, पण ती पत्करणेच योग्य वाटले.

या तालुक्याला इतिहासाचे वैभव थोडे नाही. शेख महंमदांची समाधी, महादजी शिंद्यांचा वाडा, पेडगावचा भीमाकाठचा किल्ला आणि तेथील यादवकालीन मंदिर यांच्याविषयी लिहिले गेले आहे आणि आणखी लिहिले जाईल. १९७९ सालच्या माळढोक अभयारण्यात या तालुक्याचाही भाग समाविष्ट झाला, तो एका पक्ष्यासाठी. ज्या गवतावर तो पक्षी जगला त्या गवताची गाववार यादी तेव्हाही कोणी केली नाही. किल्ल्याच्या तटावर उगवलेला पिंपळ आणि मंदिराच्या आवारातील गोखरू यांनाही नोंदीची पात्रता आहे, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

हा संग्रह पुरा नाही. तालुक्याच्या उत्तरेकडील मांडवगणच्या बाजूची आणि घोडकाठची अनेक शिवारे अजून कोरी आहेत, आणि गवतांचे काम तर नुकते सुरू झाले आहे. ब्लॅटर आणि मॅककॅन यांचा १९३५ चा गवतांवरील ग्रंथ हाती घेऊन बसणारा तरुण विद्यार्थी मिळाला तर त्यात पुष्कळ भर पडेल. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, तलाठी, वनरक्षक, मेंढपाळ आणि आपल्या बांधावरचे झाड नावानिशी ओळखणारा प्रत्येक शेतकरी यांना माझी विनंती आहे की, आपल्या गावच्या खराब्यात या पावसाळ्याच्या अखेरीस एकदा जावे, जे फुलले असेल त्याची एक डहाळी जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत वाळवावी, आणि तिच्यासोबत गावाचे नाव, गट नंबर, जमिनीची जात आणि तारीख एवढे लिहून ठेवावे. डहाळी ओळखता आली नाही तरी चालेल, ती नंतर कोणीही जाणकार ओळखील. पण स्थळ आणि तारीख लिहावयाचे राहिले तर ती मागाहून कोणालाही भरता येणार नाही.